पुस्तकाचा हिशेब



यंदा व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘चौथीच्या वर्गातील पुस्तकपरिचय’ असे उत्तर दिले. ते थोडा वेळ माझ्याकडे पाहतच राहिले. संघटनेचा माणूस किमान वेतनावर किंवा नव्या कामगार संहितांवर बोलेल अशी त्यांची अपेक्षा असावी, आणि ती चुकीची नव्हती. पण हा विषयही माझ्या कामाबाहेरचा नाही, हे पुढच्या विवेचनावरून ध्यानात येईल अशी आशा आहे.

शिक्षणशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मजपाशी नाही. माझी शाळा सातवीत सुटली. चौदाव्या वर्षी मी मागावर उभा राहिलो. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि संघटनेच्या कचेरीत. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. मी जे पाहिले आणि त्यावरून मला जे उमजले, तेवढेच सांगतो.

मी वाचले, पण वाचले नाही

आधी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका यंत्रमाग कारखान्यात होतो. तो कारखाना आज नाही. दिवाळीच्या तोंडावर मालकांनी एक टंकलिखित कागद पुढे केला आणि सह्या करण्यास सांगितले. चाळीसएक कामगार होते. त्यांत अडखळता वाचणारा मी एकटा, म्हणून कागद माझ्या हाती आला. मी तो खड्या आवाजात, एकही शब्द न चुकवता वाचला. वाचून होताच एका म्हाताऱ्या कामगाराने विचारले, “म्हणजे त्यात काय म्हणलंय रे?” मी म्हणालो, “असंच असतंय मामा, करा सही.” त्यांनी अंगठा उठवला. पाठोपाठ सगळ्यांनी सह्या केल्या.

‘मागील सर्व येणे पूर्ण मिळाले असून कोणतीही तक्रार उरलेली नाही’ असा मजकूर त्या कागदात होता. तो मीच वाचला होता, माझ्या तोंडून तो शब्द न् शब्द बाहेर पडला होता, पण डोक्यात शिरला नव्हता. थकलेली रक्कम मागण्याची वेळ आली, तेव्हा तोच कागद आमच्यापुढे धरण्यात आला. त्या म्हाताऱ्याने मला कधी दोष दिला नाही. मी मात्र स्वतःला तो आजही देतो. शाळेत मला मोठ्याने वाचायला शिकवले होते, त्याबद्दल शाबासकीही मिळाली होती. पण वाचलेले बाजूला ठेवून ‘यात काय म्हटले आहे ते तुझ्या शब्दांत सांग’ असे मला सात वर्षांत कोणी विचारले नव्हते.

भांडायला गेलो होतो

गेल्या फेब्रुवारीत एक विडी कामगार बाई कचेरीत आल्या. त्यांची मुलगी महापालिकेच्या शाळेत चौथीत आहे. “अण्णा, शाळेनं पुस्तक वाचून त्याचा प्रकल्प करून आणायला सांगितलंय. किती पैसे लागतील?” असा त्यांचा प्रश्न होता. मी तडक उठलो, कारण या ‘प्रकल्प’ शब्दाशी माझे जुने वैर आहे. माझ्या मुलाच्या लहानपणी एका शाळेने किल्ल्याचा प्रकल्प सांगितला होता. मी तेव्हा धरण्यावर बसलेलो. पोराने आपल्या बुद्धीने माती आणि पुठ्ठा जमवून किल्ला केला. तो टेबलाखाली गेला, आणि दुकानातून आणलेले, वडिलांनी नाहीतर शिकवणीवाल्यांनी रंगवलेले किल्ले टेबलावर मांडले गेले. त्या दिवसापासून मुलाने मातीला हात लावला नाही. तेव्हा या वेळी भांडायचेच, असे ठरवून मी शाळेत गेलो.

पण भांडण झाले नाही. वर्गाच्या बाईंनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “एक पैसा लागणार नाही. विकत आणलेली वस्तू या प्रकल्पात चालतच नाही. तुम्ही शनिवारी सकाळी येऊन बसा.” मी गेलो, आणि नंतरचे चार शनिवार जातच राहिलो.

वर्गात छत्तीस मुले होती. बहुतेकांच्या आया विड्या वळतात, वडील मागावर, बांधकामावर किंवा हमालीवर. घरी कोणी तेलुगू बोलते, कोणी कन्नड, कोणी दखनी उर्दू, आणि शाळेत सगळे मराठी. सोलापूरला हे नवे नाही.

त्या दिवसांत वर्गात भागाकार चालला होता, अपूर्णांक चालले होते. मराठीच्या तासाला पत्रलेखन आणि विरामचिन्हे होती, आणि परिसर अभ्यासात नकाशा. मला वाटले होते की पुस्तकाचे काम या अभ्यासाला जोडलेले एक ठिगळ असेल. तसे नव्हते. पुस्तक हातात देताना बाईंनी पहिला प्रश्न गणिताचाच घातला. पुस्तकाची पाने चौसष्ट. रोज पाच पाने वाचली तर किती दिवस लागतील? मुलांनी भागाकार मांडला, बारा आले आणि चार उरले. “बारा दिवस,” बरीच मुले ओरडली. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “तेरा. चार पानं उरली ना? ती कोण वाचणार?” बाकी उरली की दिवस वाढतो, ही गोष्ट त्या मुलाला कळली. हजेरीपटातली बाकी पुढच्या पानावर ओढताना ती चाळीस-चाळीस वर्षांच्या माणसांच्या नजरेतून सुटलेली मी पाहिली आहे. नकाशाच्या तासाला गोष्टीतल्या गावाचा नकाशा निघाला. पत्रलेखनाच्या तासाला पुस्तकातल्या माणसाला पत्र गेले. निम्मे वाचून झाले, पाव राहिले, असा अपूर्णांकही रोज फळ्यावर येऊ लागला.

खोक्यातला परिचय

आता मूळ प्रकल्पाकडे येतो. प्रत्येक मुलाने वर्गातल्या कपाटातून आपल्या मनाने एक गोष्टीचे पुस्तक निवडायचे. ते पंधरा दिवसांत वाचायचे, आणि त्यातला थोडा भाग रोज घरी कोणाला तरी वाचून दाखवायचा. मग एक रिकामा खोका आणायचा. तो चपलांचा असो, साबणाचा असो, औषधाच्या दुकानातला असो. खोक्याच्या झाकणावर पुस्तकाचे नाव, लेखक, चित्रकार, प्रकाशक आणि पानांची संख्या लिहायची. आत गोष्टीतल्या तीन वस्तू ठेवायच्या, स्वतः केलेल्या. कॅलेंडरची पाठ, टॉवेलच्या चिंध्या, सुताचे रिकामे कोन, विडीचा दोरा, घरात जे टाकाऊ असेल ते. आणि खोक्याच्या चार बाजूंवर चार उत्तरे चिकटवायची. पुस्तकात काय सांगितले आहे? ते कोण सांगते आहे? काय सांगितलेले नाही? आणि मला स्वतःला काय वाटले? शेवटी खोका हातात धरून वर्गापुढे तीन मिनिटे बोलायचे, कागदात न पाहता. सारे काम शनिवारी वर्गात बसून करायचे, घरी न्यायचे नाही.

अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत असे प्रकार फार चालतात. तिकडची मुले सकाळच्या न्याहारीच्या पोह्यांच्या खोक्यावर पुस्तकाचा परिचय चिकटवतात, किंवा गोष्टीतल्या पात्राचा वेष घालून वर्गापुढे येतात. बाईंनी ही कल्पना तिकडूनच उचलली, पण चार प्रश्न आणि ‘विकतचे चालणार नाही’ हा नियम त्यांचा स्वतःचा.

सारे काही गोड झाले असे मी म्हणणार नाही. एका मुलाने पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून आणला. अक्षर सुरेख होते. बाई म्हणाल्या, “हे पुस्तकानं सांगितलं. आता तू सांग.” तो गप्प उभा राहिला, आणि मला माझा तो टंकलिखित कागद आठवला. दुसऱ्या एका मुलाला जोडाक्षरे वाचताच येत नव्हती. त्याला चित्रांचे पुस्तक आणि एक सोबती देण्यात आला. अशी मुले थोडी नाहीत. ‘असर’ या पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातील तिसरीच्या शंभर मुलांपैकी सुमारे सत्तावीसच मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. म्हणजे ज्यांना वाचलेले कळावे अशी आपली इच्छा, त्यांतल्या पुष्कळांपाशी अजून वाचणेच पोचलेले नाही. तथापि आधी वाचणे पुरते येऊ द्या, मग समजण्याचे पाहू, हे म्हणणे मला पटत नाही. तो जोडाक्षरे न येणारा मुलगा चित्रांवरून जे बोलला, त्यात समज पुरेपूर होती. समज होती म्हणूनच तो अक्षरांकडे हट्टाने वळला.

आईचा प्रश्न

ज्या बाई कचेरीत आल्या होत्या, त्यांच्या मुलीचा खोका मी शेवटच्या शनिवारी पाहिला. तिचे पुस्तक जत्रेत हरवलेल्या एका मुलाविषयी होते. तिने आत केलेली जत्रा अर्थातच आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याची होती. पाळणा होता, आणि विडीच्या दोऱ्याला बांधलेला कागदी फुगा होता. पण मला सांगायचे आहे ते तिसऱ्या बाजूविषयी, ‘काय सांगितलेले नाही’ या प्रश्नाविषयी.

रोज संध्याकाळी आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसे आणि मुलगी शेजारी बसून वाचे. आईला मराठी कामापुरते येते, घरची भाषा तेलुगू. म्हणून मुलगी पान वाची आणि मग तेलुगूत सांगे. येथे थोडे थांबले पाहिजे. पाठ केलेले वाक्य दुसऱ्या भाषेत जसेच्या तसे नेता येत नाही. ते समजून घेऊन, मोडून, पुन्हा जुळवावे लागते. ‘तुझ्या शब्दांत सांग’ ही आज्ञा शाळेत कोरडी वाटते. पण आईला सांगायचे म्हटल्यावर स्वतःचे शब्द वापरण्यावाचून त्या मुलीला गत्यंतरच नव्हते. घरची भाषा मराठी शिक्षणाच्या आड येते अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. येथे ती मदतीला आली.

एके दिवशी आईने हात न थांबवता विचारले, त्या पोराची आई दिवसभर कुठे होती? मुलीने पुस्तक पुन्हा चाळले. उत्तर सापडले नाही. तिने खोक्यावर लिहिले, “पुस्तकात आईचे काहीच नाही. ती कामावर गेली असेल. लेखकाने विचारायला पाहिजे होते.” नऊ वर्षांच्या मुलीने छापील पुस्तकाला प्रश्न केला, आणि पुस्तक फाडून टाकले नाही, की त्यापुढे मानही तुकवली नाही. करारपत्र हाती घेणाऱ्या माणसाला याहून अधिक काय शिकवावे लागते? त्या कागदात काय आहे हे मी दिवाळीच्या त्या दिवशी निदान उच्चारले तरी होते. काय नाही, हे पाहिलेच नव्हते. त्यात रक्कम नव्हती, तारीख नव्हती.

सुपावर हात चालू असताना वाचन ऐकण्याची ही रीत मात्र त्या मायलेकींनी प्रथम काढलेली नाही. क्यूबा बेटातील हवाना शहरात १८६५ साली चिरूट वळणाऱ्या कामगारांनी कारखान्यात वाचक बसवण्यास सुरुवात केली. एकजण उंच जागी बसून वर्तमानपत्र आणि कादंबरी वाची, बाकीचे ऐकत काम करीत. वाचकाचा पगार कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत, आणि कोणते पुस्तक वाचायचे हे मतदानाने ठरे. दुसऱ्याच वर्षी, १८६६ मध्ये, तिथल्या राज्यकर्त्यांनी या वाचनावर बंदी घातली, यावरून त्याचे बळ समजावे. ती प्रथा पुढे पुन्हा उभी राहिली आणि क्यूबाच्या कामगारांबरोबर अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात गेली. तेथील टँपा गावच्या मालकांनी १९३१ साली वाचकांना काढून टाकले, त्यावर कामगारांनी संप केला. वाचकांच्या जागी पुढे रेडिओ आला. आपल्या देशात केरळात कण्णूरच्या बाजूलाही विडी कामगारांनी हेच केले. एकजण वर्तमानपत्र वाची आणि त्याच्या वाटच्या विड्या इतरजण वळून देत. तंबाखूच्या पाटावर बसलेल्या माणसांनी हात विकले, कान विकले नाहीत. आपल्या गावात विड्या घरोघर वळल्या जातात, एका छताखाली ऐकणारे जमत नाहीत. पण घरी वाचणारे मूल आहे. त्याला पुस्तक द्या, म्हणजे वाचक घरीच बसला.

चार पायऱ्या कोणाच्या?

आता प्रकल्प या कल्पनेविषयी थोडे. शाळेत प्रकल्प हवा, हे मत मोठ्या आग्रहाने मांडले ते विल्यम किलपॅट्रिक या अमेरिकन शिक्षकाने, १९१८ सालच्या एका निबंधात. हे गृहस्थ जॉन ड्यूई यांचे शिष्य. आणि हे तेच ड्यूई, ज्यांच्यापाशी कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले. किलपॅट्रिकने प्रकल्पाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. हेतू ठरवणे, योजना आखणे, काम करणे, आणि झालेल्या कामाचा निवाडा करणे. या चारही पायऱ्या मुलाने स्वतः चढायच्या, यातच त्या पद्धतीचे सारे मर्म आहे.

महाराष्ट्रातही २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, आणि तोंडीकाम, उपक्रम, चाचणी अशा आठ साधनांत ‘प्रकल्प’ हेही एक साधन झाले. कल्पना चांगलीच होती. पण घरोघर काय घडते ते पाहा. हेतू ठरवतात शिक्षक. योजना आखते आई. काम करतो नाक्यावरचा स्टेशनरीवाला. निवाडा पुन्हा शिक्षकांचा. मुलाच्या वाट्याला येते ती हमाली, म्हणजे तयार वस्तू घरून शाळेत वाहून नेणे. हे चित्र मला ओळखीचे वाटते. कारखान्यातही हेतू दुसऱ्याचा, योजना दुसऱ्याची, निवाडा दुसऱ्याचा, आणि कामगाराने फक्त हात चालवायचे. चौथीच्या वर्गात आपण ज्या मुलाला फक्त वाहून न्यायला शिकवतो, ते पुढे न विचारता सही करते, यात नवल ते काय?

शिवाय या रीतीत गरिबाचे मूल पैशाने हरते आणि समजते की आपण बुद्धीने हरलो. हा अन्याय मला सर्वांत मोठा वाटतो. विकतचे चालणार नाही, वर्गातच करायचे, हा बाईंचा नियम वरवर पाहता साधा आहे. पण त्या एका नियमाने छत्तीस मुले एका रेषेवर उभी राहिली.

कपाटाची किल्ली

या सगळ्याला मुळात पुस्तके लागतात. २००९ साली झालेला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्काचा कायदा सांगतो की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तकेही असावीत. मराठीत बालवाङ्मयाची वाण नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने कित्येक पिढ्यांना वाचायला लावले. माधुरी पुरंदरे यांची लहानांसाठीची पुस्तके आहेत. तोमोए नावाच्या जपानी शाळेची हकीकत सांगणारे तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ मराठीत आहे.

मग अडते कोठे? पुष्कळदा कपाटाच्या किल्लीपाशी. पुस्तक हरवले किंवा फाटले तर जडसंग्रहाच्या नोंदवहीत त्याचा जाब शिक्षकाला द्यावा लागतो. म्हणून पुस्तके कोरी राहतात आणि कपाट बंद राहते. हा शिक्षकाचा दोष नव्हे. वाचून फाटलेल्या पुस्तकाला नुकसान मानणाऱ्या पद्धतीचा हा दोष आहे. हत्यार वापरून झिजले तर कारागिराकडून दंड घेत नाहीत. पुस्तक हे मुलाचे हत्यार आहे. या वर्गाच्या बाईंनी किल्ली मुलांकडेच दिली होती, आणि त्या वर्षी तीन पुस्तके हरवली. त्यांची किंमत बाईंनी पदरची भरली. ती त्यांना भरावी लागू नये, इतकी व्यवस्था हे गाव करू शकणार नाही काय?

आपण काय करावे?

उपदेश करणे हे माझे काम नाही, पण मागण्या मांडणे हे आहे. तेव्हा तीन मागण्या मांडतो.

पहिली मागणी पालकांकडे. मुलाचा प्रकल्प तुम्ही करू नका. तुम्ही फक्त ऐका. रोज पंधरा मिनिटे मुलाला वाचू द्या आणि एक खरा प्रश्न विचारा, ज्याचे उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही असा. तुम्हाला वाचता येत नसले तरी चालेल. त्या विडी कामगार बाईंना मराठी वाचता येत नाही, आणि साऱ्या वर्गात सर्वांत चांगला प्रश्न त्यांचाच होता.

दुसरी मागणी शिक्षकांकडे. मांडणीला गुण देऊ नका, सांगण्याला द्या. चकचकीत खोका आणि वेडावाकडा खोका दोन्ही मिटून ठेवा आणि मुलाला बोलते करा.

तिसरी मागणी येथे बसलेल्या आपणा सर्वांकडे. पुढल्या वर्षी आपापल्या वस्तीतल्या शाळेत एक शनिवार जाऊन मुलांचे परिचय ऐका. मुलाने वाचले, समजले, मांडले, आणि ऐकायला कोणीच नाही, असे झाले तर तो हिशेब अर्धाच राहतो. आणि जाताना हार-नारळ नेऊ नका, हरवलेल्या पुस्तकांच्या जागी दोन पुस्तके न्या.

संघटनेत अलीकडे मी एक रीत पाडली आहे. कोणताही करार आला की तो मी मोठ्याने वाचतो. मग कागद पालथा घालून सभेतल्या सर्वांत गप्प माणसाला विचारतो, “मामा, यात काय म्हणलंय? आणि काय म्हणायचं राहिलंय?” त्याचे सांगून झाल्याशिवाय सही होत नाही. वेळ लागतो, मालकांचे लोक घड्याळ पाहतात. पण ही रीत मी आता कोणत्या वर्गात पक्की शिकून आलो आहे, हे त्यांना ठाऊक नाही.